रेल्वेचा निधी कुणी अडवला, हे शोधायचं कसं

पुणे

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र आणि सोबतची कात्रणं वाचली. पुणे–लोणावळा तिसरी-चौथी मार्गिका आणि पुणे–नाशिक रेल्वे या दोन प्रकल्पांवर प्रवासी संघासाठी टिपण करायचंय. कात्रणांत एक नेता म्हणतो केंद्राने निधी अडवला, दुसरा म्हणतो राज्याने आपला हिस्सा भरला नाही. यातलं खरं कोण, असं तू विचारलंस. माझं सांगणं असं की सुरुवात तिथून करू नकोस. प्रकल्प नेमका कुठल्या टप्प्यावर उभा आहे, ते आधी ठरव. टप्पा कळला की त्या घडीला पैसे कुणी द्यायचे होते ते कळतं, आणि मग अडवणाराही सापडतो. बहुतेक वेळा तो एकटा नसतो.

पहिला टप्पा सर्वेक्षणाचा. प्राथमिक सर्वेक्षणात किती किलोमीटर, किती पूल, किती बोगदे, रोज किती माणसं आणि किती माल जाईल, याचा अंदाज येतो. मग फायनल लोकेशन सर्व्हे होतो, म्हणजे आखणी प्रत्यक्ष जमिनीवर नक्की केली जाते. त्यातून डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, तयार होतो. इथपर्यंत रूळ टाकायला एक पैसाही मंजूर झालेला नसतो. पण ‘अमुक मार्गाला हिरवा कंदील’ अशी बातमी सर्वेक्षणाच्या मंजुरीलाच छापून येते, फलक लागतात, पेढे वाटले जातात. पाच वर्षांनी तेच लोक ‘मंजूर मार्ग रखडला’ म्हणतात. तो रखडलेला नसतो, मंजूरच झालेला नसतो. तुझ्या कात्रणांतल्या निम्म्या बातम्या या जातीच्या आहेत. प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलने ‘सर्वेक्षण’ किंवा ‘काम’ असं लिहून काढ, गोंधळ बराच कमी होईल.

दुसरा टप्पा मंजुरीचा. डीपीआर रेल्वे बोर्डाकडे जातो, गतिशक्ती योजनेतल्या नेटवर्क प्लॅनिंग ग्रुपमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या मंत्रालयांच्या अधिकाऱ्यांच्या गटात, तपासला जातो, नीती आयोग आणि अर्थ मंत्रालयाचं मत घेतलं जातं. हजार कोटींवरचं काम असेल तर केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी लागते. या चाळणीत जुना अडसर परताव्याच्या दराचा. नवीन मार्गाने गुंतवणुकीवर १४ टक्के परतावा द्यावा, असा निकष रेल्वेत अनेक वर्षं होता. मालगाड्या नसलेला, मुख्यतः प्रवाशांसाठीचा मार्ग हा आकडा गाठूच शकत नाही, कारण प्रवासी भाड्यातून खर्च निघत नाही. २०२२-२३ मध्ये प्रवासी भाड्यापोटी ५६,९९३ कोटींची सवलत दिली, म्हणजे सरासरी ४६ टक्के, असं रेल्वेच सांगते. मग परतावा न देणारा मार्ग करायचा तर राज्याने निम्मा भार उचलावा, अशी अट पुढे आली. आज आपण जे भांडण ऐकतो त्याचं मूळ इथे आहे.

तिसरा टप्पा तरतुदीचा, आणि इथे जरा थांबू. १९२४ पासून चालत आलेला वेगळा रेल्वे अर्थसंकल्प २०१७ साली सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. पूर्वी रेल्वेमंत्री सभागृहात नव्या गाड्यांची आणि मार्गांची यादी वाचायचे. आता अर्थमंत्र्यांच्या भाषणात रेल्वे दोन-चार वाक्यांत संपते. त्यामुळे भाषणात शोधू नकोस, पिंक बुक उघड. रेल्वेची कामं, यंत्रसामग्री आणि डबे-इंजिनांचा हा कार्यक्रम झोनवार असतो. आपल्याला मध्य रेल्वेचा भाग हवा. कामं शीर्षांनुसार लावलेली असतात: ११ म्हणजे नवीन मार्ग, १४ गेज रूपांतर, १५ दुहेरीकरण, ३० उड्डाणपूल आणि भुयारी रस्ते, ५३ प्रवासी सुविधा, ८१ महानगर वाहतूक प्रकल्प. काम सापडलं की त्याच्या ओळीतले रकाने डावीकडून वाचत जा. कामाचं नाव, सुधारित अपेक्षित खर्च, आजवर झालेला खर्च, यंदाची तरतूद, आणि काम पुरं व्हायला लागणारी शिल्लक रक्कम.

आता फसगत कुठे होते ते बघ. आकडे हजार रुपयांत असतात. ४,८०,५०,००० असं छापलेलं दिसलं तर शेवटची चार शून्यं काढ, ४,८०५ कोटी झाले. आणि तरतुदीच्या रकान्यात नुसता १ दिसला तर तो एक कोटी नव्हे, एक हजार रुपये. नाममात्र तरतूद ती हीच. काम यादीतून काढायचं नाही आणि करायचंही नाही, तेव्हा तिथे हा १ बसतो. आपल्या भागाचं काम ‘अर्थसंकल्पात समाविष्ट आहे’ असं लोकप्रतिनिधी सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तू फक्त विचार, किती रुपयांनी?

यंदाची तरतूद भागिले शिल्लक रक्कम, हा छोटासा भागाकार प्रत्येक कामासाठी करून ठेव. समज, एका कामाचे १,००० कोटी शिल्लक आहेत आणि वर्षाला ४० कोटी मिळतात. २५ वर्षांत पुरं होईल असं वाटेल. पण बांधकामाचा खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत असेल, तर पहिल्याच वर्षी शिल्लक ६० कोटींनी फुगते आणि तू भरतोस ४०. काम दर वर्षी लांब जातं. अशा कामाला ‘निधी मिळतोय’ म्हणणं चुकीचं आहे, ते काम बंद आहे असंच टिपणात लिही.

अहिल्यानगर–बीड–परळी वैजनाथ मार्गाचं हेच झालं. २६१ किलोमीटरचं हे काम १९९५-९६ मध्ये मंजूर झालं तेव्हा खर्च होता ३५३ कोटी. तो वाढत ४,८०५ कोटींवर गेला, म्हणजे साडेतेरा पट. पैसे थेंबाथेंबाने आले, भूसंपादन वर्षानुवर्षं चाललं, तोवर जमिनीचे, सिमेंटचे, पोलादाचे भाव चढत राहिले. पुढे राज्याने निम्मा खर्च उचलायचं मान्य केलं, आणि बीड–अहिल्यानगर प्रवासी गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळीचा टप्पा तेव्हाही बाकीच होता. एका जिल्ह्याच्या मुख्यालयाने रेल्वेसाठी तीस वर्षं वाट पाहावी, यात कुणा एका पक्षाचा हात नाही. या तीस वर्षांत दिल्लीत आणि मुंबईत सगळ्यांची सरकारं येऊन गेली. म्हणून टिपणात पक्षांची नावं शोधण्याआधी सालवार तरतुदी लावून बघ.

तरतूद आणि खर्च यांतही फरक आहे. फेब्रुवारीत जाहीर होतो तो अर्थसंकल्पी अंदाज. पुढच्या फेब्रुवारीत त्याच वर्षाचा सुधारित अंदाज येतो, आणि प्रत्यक्ष खर्च त्याच्याही पुढच्या वर्षी छापला जातो. भाषणात पहिला आकडा वापरतात, खडी तिसऱ्या आकड्याने पडते. जमीन ताब्यात नसेल तर त्या कामाचे पैसे वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत दुसऱ्या, चालू असलेल्या कामाकडे वळवले जातात. वळवणारा अधिकारी चूक करत नाही, न वापरलेली रक्कम परत जाण्यापेक्षा ते बरं. पण आपल्या कामाची पुढच्या वर्षीची तरतूद त्यामुळेच घटते, कारण ‘गेल्या वर्षी तुम्ही खर्च केला नाही’ असा शेरा बसतो.

राज्याच्या बाजूचे टप्पे कुणी मोजत नाही, ते तू मोज. राज्य मंत्रिमंडळाने हिस्सा द्यायचा निर्णय घेतला, ही पहिली पायरी. त्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद झाली, ही दुसरी. ‘निधी वितरित करणेबाबत’ असा शासन निर्णय निघाला, ही तिसरी. रक्कम रेल्वेच्या खात्यात जमा झाली, ही चौथी. त्यानंतर रेल्वेने आधीच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला, पाठवलं का, हा पाचवा प्रश्न, कारण ते आलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. रेल्वे म्हणते राज्याने पैसे दिले नाहीत, ती चौथ्या पायरीबद्दल बोलते. राज्य म्हणतं आम्ही कधीच दिले, ते पहिल्या पायरीबद्दल बोलतं. मधल्या दोन पायऱ्यांचे दस्तऐवज राज्य शासनाच्या संकेतस्थळावर असतात. गृह विभागाखाली परिवहनाचे शासन निर्णय तारखेनिहाय चाळ.

भूसंपादनाचंही असंच. जमीन रेल्वेला हवी असते, पण मोजणी, नोटिसा आणि निवाडा (मोबदल्याचा निर्णय) ही कामं राज्याचे महसूल अधिकारी करतात, पैसे प्रकल्पाच्या खात्यातून येतात. रेल्वे कायद्यात विशेष रेल्वे प्रकल्पांसाठी कलम २०-अ पासूनची तरतूद आहे. २०-अ खाली संपादनाचा इरादा जाहीर होतो, ३० दिवसांत हरकती घेता येतात, २०-ई खाली अंतिम घोषणा होते आणि २०-फ खाली मोबदला ठरतो. २०-अ नंतर वर्षभरात २०-ई झालं नाही तर पहिली अधिसूचनाच रद्द ठरते आणि पुन्हा सुरुवात. दुसरी वाट थेट खरेदीची, पुणे–नाशिकसाठी ती खेड, जुन्नर, हवेलीत वापरली गेली. कुणी ‘भूसंपादन अडलंय’ म्हणालं तर चार गोष्टी विचार: संयुक्त मोजणी झाली का, २०-अ ची तारीख काय, रेल्वेने जिल्हाधिकाऱ्यांकडे किती रक्कम जमा केली, आणि निवाडा झालेल्यांपैकी किती जणांच्या खात्यात ती पोचली. चारांतलं एक जरी उत्तर मिळालं तरी दोष कुठे आहे ते उघड होतं.

आता तुझे दोन प्रकल्प.

पुणे–लोणावळा हा सुमारे ६४ किलोमीटरचा पट्टा. दोनच मार्गिका, त्यावर लोकल, मुंबईकडच्या एक्सप्रेस आणि मालगाड्या सगळ्या धावतात. एक्सप्रेसला वाट द्यायची म्हणून लोकल थांबवावी लागते, आणि दुपारी देखभालीसाठी ब्लॉक घेतला की लोकल बंदच. तळेगाव, कामशेत, मळवलीच्या माणसाला दुपारी परतायचं तर एसटी किंवा वडाप. फेऱ्या वाढवा ही मागणी त्यामुळे मार्गिका वाढवल्याशिवाय पुरी होणारी नाही. वाद गरजेवर कधीच नव्हता, तो वाटणीवर होता. रेल्वेचं म्हणणं, उपनगरी सेवा ही शहराची गरज आहे, निम्मे तुम्ही द्या. महापालिकांचं म्हणणं, आमच्या हद्दीबाहेरच्या स्थानकांसाठी आमच्या करदात्यांनी का भरावं?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही गाठ सोडवली. ५,१०० कोटींच्या प्रकल्पात राज्याच्या बाजूचे २,५५० कोटी. त्यातले पुणे महापालिकेने ५१०, पिंपरी-चिंचवडने ५१०, पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) ७६५ आणि राज्य सरकारने ७६५ कोटी द्यायचे. बातमी इथे संपली, पण तुझं काम इथून सुरू होतं. एक गाठ सुटली आणि चार तिजोऱ्या तयार झाल्या. चारांतल्या एकीनेही हप्ता चुकवला तर रेल्वे ‘राज्याचा हिस्सा अपुरा’ असंच म्हणणार, आणि ते बरोबर असणार. महापालिकेच्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, उघडलं का, त्यावर पहिल्या वर्षी किती रक्कम ठेवली, स्थायी समितीने ती वर्गीकरणाने दुसरीकडे नेली का, हे दर वर्षी बघावं लागेल. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं महापालिकेत प्रशासक होता, विचारायला नगरसेवक नव्हता. आता आहेत. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला हा आकडा पाठ असला पाहिजे, आणि तो पाठ करून घेणं प्रवासी संघाला जमण्यासारखं आहे.

राज्याने लोकलसाठी पैसे देणं नवं नाही. मुंबई रेल्वे विकास महामंडळात १९९९ पासून रेल्वेचे ५१ आणि राज्याचे ४९ टक्के भागभांडवल आहे, एमयूटीपीचा, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा, खर्चही निम्मा-निम्मा. मुंबईला जे मान्य, ते पुण्याला का नको, हा रेल्वेचा युक्तिवाद म्हणूनच टिकतो. पण उलट बाजूही पक्की आहे. रेल्वे हा संविधानाच्या केंद्र सूचीतला २२ क्रमांकाचा विषय. राज्य ज्या मार्गाला निम्मे पैसे देतं तो खर्चवाटणीच्या नेहमीच्या करारात रेल्वेच्याच मालकीचा राहतो. ज्याच्याकडे पैसे आहेत ते राज्य रांगेत पुढे जातं, गरीब जिल्हा मागे राहतो. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गात राज्याचा वाटा ४० टक्के, बीडला ५०. हे प्रमाण कशावरून ठरलं, याला लोकांसमोर ठेवलेला एकही निकष नाही. माझं मत विचारशील तर उपनगरी मार्गासाठी वाटणी रास्त आहे, मागास भागातल्या नवीन मार्गासाठी ती अन्यायाची आहे. आणि मंजुरी दिल्यानंतर मागाहून हिस्सा मागणं तर कुठल्याही मार्गासाठी गैर. पैशाचं आधी ठरलं पाहिजे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये झालं तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री होते. केंद्राचे ५१, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६ टक्के असं ठरलं, उरलेली मोठी रक्कम रोख्यांतून उभी केली, आणि ७४१ किलोमीटरचा इतका अवघड मार्ग १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला. कर्जाचं ओझं पुढे अनेक वर्षं राहिलं हेही खरं, म्हणून हे उदाहरण देताना दोन्ही गोष्टी सांग.

पुणे–नाशिक वेगळ्या पठडीतला आहे. मूळ प्रस्ताव २३५ किलोमीटरचा, १६,०३९ कोटींचा, आणि राबवणारी कंपनी महारेल, ज्यात राज्य आणि रेल्वे मंत्रालय निम्मे-निम्मे भागीदार. आराखड्यात रेल्वेचे २० टक्के, राज्याचे २० टक्के आणि ६० टक्के कर्ज. सगळी चर्चा त्या वीस-वीस टक्क्यांवर होते, साठावर कुणी बोलत नाही. साधा हिशेब कर. ६० टक्के म्हणजे सुमारे ९,६२३ कोटी. व्याज ८ टक्के धरलं तर वर्षाला ७७० कोटी, दिवसाला दोन कोटी दहा लाख. रोज २० हजार प्रवासी धरले तर फक्त व्याजापोटी एका तिकिटावर हजाराहून जास्त रुपये येतात, वीज, पगार, देखभाल वेगळी. व्याजाचा दर आणि प्रवासीसंख्या मी समजुतीसाठी धरली आहे, तू डीपीआरमधले आकडे घालून बघ. हा हिशेब मांडून प्रकल्प नकोच असं मला म्हणायचं नाही. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर हा पट्टा रेल्वेविना राहिलाय, तिथला भाजीपाला आणि कामगार दोन्ही त्या एका महामार्गावर अडकतात. पण तूट कुणी भरायची हे करारात लिहिलेलं नसेल, तर आजचं भांडण मिटलं तरी दहा वर्षांनी दुसरं उभं राहील.

तो अडला मात्र पैशावर नाही, हे स्पष्ट लिही. मूळ आखणी जुन्नर तालुक्यात खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीजवळून जाते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या चौदा मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या तीन भुजांवर काही किलोमीटर लांब पसरलेल्या. आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत ती टिपते. विजेच्या गाडीच्या पॅन्टोग्राफ (छतावरचा वीज घेणारा सांगाडा) आणि तारेमधल्या ठिणग्या, सिग्नल यंत्रणेचे रेडिओ, शेकडो प्रवाशांचे मोबाइल, हे सगळं त्याच लहरींत गोंगाट करतं. शास्त्रज्ञांचा आक्षेप खरा आहे. रेल्वेमंत्र्यांनी तो मान्य करून २०२५ मध्ये अहिल्यानगर–शिर्डीमार्गे पर्याय मांडला. त्यावर जुन्नर, आंबेगाव, खेड, संगमनेरचा आक्षेप असा की फेरा घेणारा मार्ग आमच्या गावांना वगळतो. तोही खरा आहे. इथे कुणालाही खलनायक करू नकोस. विचारण्यासारखा प्रश्न हा: मूळ पट्टा न सोडता दुर्बिणीपासून पुरेसा लांब जाणारा मार्ग तांत्रिक दृष्ट्या तपासला का, त्याचा वाढीव खर्च किती निघाला, आणि तो अहवाल लोकांना मिळेल का? ज्या शेतकऱ्यांची जमीन आधीच थेट खरेदीने घेतली, तिचं पुढे काय, हेही याच प्रश्नात येतं.

मेट्रोचा विषय या टिपणात मिसळू नकोस, एक परिच्छेद पुरे. मेट्रोचे पैसे रेल्वे मंत्रालयातून येत नाहीत, ते गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्रालयाकडून येतात, २०१७ च्या मेट्रो धोरणाच्या नियमांनी. स्वारगेट–कात्रज हा ५.४६ किलोमीटरचा भुयारी टप्पा २,९५४.५३ कोटींना ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केला, तो लोकलच्या पैशातून कापलेला नाही. घर घेताना मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार आपण भरतो, तोही राज्याचा. ‘मेट्रोला आहेत, लोकलला नाहीत’ हे वाक्य सभेत टाळ्या घेतं, पण दोन्ही तिजोऱ्या वेगळ्या आहेत.

महाराष्ट्राला विक्रमी निधी हा आकडाही तुझ्या कात्रणांत चार वेळा आलाय. २००९ ते १४ दरम्यान वर्षाला सरासरी १,१७१ कोटी, २०२५-२६ मध्ये २३,७७८ कोटी, म्हणजे वीस पट. आकडे सरकारी आहेत, वाद घालू नकोस. पण तीन गोष्टी सोबत मांड. एक, हे चालू किमतींचे आकडे आहेत, महागाई वजा केलेली नाही. दोन, या काळात साऱ्या देशासाठीच अर्थसंकल्पातून रेल्वेला मिळणारी रक्कम २०१३-१४ च्या २९,०५५ कोटींवरून २ लाख ५२ हजार कोटींवर गेली, साडेआठ पटीहून जास्त. महाराष्ट्राच्या वाढीतला मोठा भाग त्याच लाटेचा आहे, उरलेला महाराष्ट्राच्या वाट्यात झालेल्या वाढीचा. तीन, रेल्वे संसदेत स्वतःच सांगते की प्रकल्प राज्यवार नव्हे, झोनवार मंजूर होतात, कारण मार्ग राज्यांच्या सीमा ओलांडतात. मग राज्याचा आकडा कुठल्या कामांची बेरीज आहे, त्यात बुलेट ट्रेन आणि मालवाहू मार्ग धरले का, ही यादी मागून घे. यादीशिवाय हा आकडा कुणाच्याही बाजूने वापरू नकोस.

बुलेट ट्रेनबद्दल थोडक्यात. मूळ अंदाजातल्या १ लाख ८ हजार कोटींपैकी सुमारे ८१ टक्के जपानचं कर्ज, महाराष्ट्राचं भागभांडवल ५,००० कोटी. तेच पैसे लोकलला का नाहीत, हा प्रश्न फक्त त्या ५,००० कोटींपुरता विचारता येतो. जपानी कर्ज त्या कामासाठीच आहे, ते लोणावळ्याला वळवता येत नाही.

आता कागद कसे मिळवायचे. संसदेतली उत्तरं आधी वाच, फुकट असतात आणि जोडपत्रात प्रकल्पवार किलोमीटर आणि मार्चअखेरचा खर्च मिळतो. रेल्वेचे प्रश्न लोकसभेत बुधवारी आणि राज्यसभेत शुक्रवारी येतात. तिथे नाही मिळालं ते माहिती अधिकारात माग, आणि एकाच दिवशी दोन अर्ज कर. एक मध्य रेल्वेला, केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून, दहा रुपये. दुसरा राज्याच्या गृह विभागाला परिवहनासाठी, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. केंद्राकडे ५०० शब्दांची मर्यादा आहे, राज्याकडे १५० शब्द आणि एका अर्जात एकच विषय. राज्याच्या अर्जात लांबलचक पार्श्वभूमी लिहिलीस तर तो त्याच कारणाने परत येऊ शकतो.

‘का उशीर झाला’ असं विचारू नकोस, कारणं देणं ही माहिती नव्हे असं उत्तर येईल. दस्तऐवज माग. रेल्वेकडे: या प्रकल्पासाठी वर्षनिहाय तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, राज्याकडे पाठवलेली मागणीपत्रं तारखांसह, राज्याकडून मिळालेल्या रकमा तारखांसह, पाठवलेली उपयोगिता प्रमाणपत्रं. राज्याकडे: मिळालेली मागणीपत्रं तारखांसह, वितरणाचे शासन निर्णय, रक्कम जमा केल्याच्या तारखा. दोन्ही उत्तरं आली की एका कागदावर डावीकडे रेल्वेच्या तारखा, उजवीकडे राज्याच्या, अशी मांडणी कर. मागणीपत्र गेलं पण पोचल्याची नोंद नाही, पैसे दिले पण मिळाल्याची नोंद चार महिन्यांनी, असल्या फटी या दोन रकान्यांत दिसतात. भाषणांत त्या कधीच दिसत नाहीत.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. केंद्राकडे त्याला शुल्क नाही, राज्याकडे वीस रुपये. अर्ध्या लोकांचा पाठपुरावा इथे सुटतो, तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेव.

पुणे आणि सोलापूर विभागांतल्या खासदारांची मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांबरोबर बैठक होते. आपल्या मागण्या खासदारांकडे तिच्या आधी किमान तीन आठवडे पोचल्या पाहिजेत, कारण विषयपत्रिका आधी तयार होते आणि विभागाकडून लेखी टिपणं मागवली जातात. दहा मागण्यांचं निवेदन देऊ नकोस, त्यावर ‘नोंद घेतली’ एवढंच येतं. एकच प्रश्न दे, आणि असा दे की उत्तर आकड्यातच द्यावं लागेल: पुणे–लोणावळा तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेसाठी चारही संस्थांपैकी प्रत्येकीकडून आजवर किती रक्कम मागितली आणि किती जमा झाली?

दोन अर्जांचे मसुदे तयार झाले की मला दाखव. राज्याच्या अर्जाचे शब्द मोजून पाठव.

स्नेहांकित